किमान कोणासाठी, लक्ष्य कशासाठी?

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीला नोंदीचे मोल फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथील जगन्नाथ टेकडीवर जे उत्खनन केले, त्यात बौद्ध स्तूपाच्या अवशेषांबरोबर ब्राह्मी लिपीतील दानलेखही उजेडात आले, आणि त्या वास्तूस ज्यांनी हातभार लावला त्यांची नावे सुमारे दोन सहस्र वर्षांनंतर पुन्हा वाचली गेली. पुढे मध्यप्रांताच्या अमदानीत नोंद जमिनीच्या वाट्याला आली. मालगुजारी गावांतून पटवारी खसरा आणि नकाशा घेऊन बांधीबांधीने फिरे आणि कोणत्या तुकड्यात कोणते पीक उभे आहे हे पाहून दप्तरात लिहून घेई. मालगुजारी गेली, १९५६ साली भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, पटवाऱ्याच्या जागी तलाठी आणि खसऱ्याच्या जागी गाव नमुना सात व बारा आले. परंतु या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट अबाधित राहिली. नोंद करणे हे सरकारी माणसाचे काम होते, आणि कास्तकाराला त्यासाठी पदरचे कोणतेही साधन बाळगावे लागत नव्हते.

हा क्रम १५ ऑगस्ट २०२१ रोजी पालटला. महसूल आणि कृषी या दोन खात्यांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने सिद्ध केलेला ई-पीक पाहणीचा प्रकल्प त्या दिवशी राज्यभर सुरू झाला, आणि आपल्या शेतातील पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करण्याची मुभा, आणि तिच्याबरोबर तशी जबाबदारीही, खातेदाराकडे आली. अ‍ॅपमध्ये जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडावयाचा, मोबाइलवर आलेल्या संकेतांकाने ओळख पटवावयाची, शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे आणि अक्षांश-रेखांशांसह ते महसूल दप्तराकडे रवाना करावयाचे, असा तो विधी आहे. पवनी तालुक्यातील धान पिकविणाऱ्याला ही नोंद केवळ सातबारा पूर्ण दिसावा म्हणून नको असते. आधारभूत खरेदी केंद्रावर धान नेण्यासाठी नाव नोंदवायचे असो वा अतिवृष्टीची नुकसानभरपाई मागायची असो, सातबाऱ्यावर धानाचा पेरा दिसावा लागतो. राहून गेलेल्या नोंदी पुढे महसूल यंत्रणेकडून पुऱ्या केल्या जातात हे खरे. तथापि पहिला हक्क खातेदाराचा आहे, आणि तो बजावण्याचे साधन त्याच्या खिशातील मोबाइल हेच आहे.

म्हणूनच अ‍ॅप घडविणारा तंत्रज्ञ आपल्या प्रकल्पाच्या एका लहानशा फाइलमध्ये ज्या दोन संख्या लिहितो, त्यांचा विचार पवनीसारख्या तालुक्याच्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे. व्यवसायातील माणसे त्यांना ‘मिन एसडीके’ आणि ‘टार्गेट एसडीके’ म्हणतात. आपण त्यांना किमान आवृत्ती आणि लक्ष्य आवृत्ती म्हणू. या लेखात प्रतिपादावयाचे ते एवढेच की या दोन संख्या दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत: किमान आवृत्ती माणसांकडे पाहून ठरवावी, लक्ष्य आवृत्ती नियमांकडे पाहून ठरवावी, आणि या दोहोंची गल्लत झाली की ज्याच्यासाठी अ‍ॅप बांधले तोच बाहेर राहतो.

अँड्रॉइड ही मोबाइलची कार्यप्रणाली २००८ च्या सप्टेंबरात प्रथम प्रकट झाली आणि तेव्हापासून तिच्या आवृत्त्या एकामागून एक निघत आल्या. प्रत्येक आवृत्तीला जनतेसाठी एक क्रमांक असतो आणि तंत्रज्ञांसाठी ‘एपीआय लेव्हल’ नावाचा दुसरा चढता क्रमांक असतो. २०१३ सालची ४.४ ही आवृत्ती म्हणजे लेव्हल १९, २०१४ सालची ५.० म्हणजे २१, २०१५ सालची ६.० म्हणजे २३, २०१७ सालची ८.० म्हणजे २६, २०२१ सालची १२ म्हणजे ३१ आणि २०२४ सालची १५ म्हणजे ३५. आयफोनची कार्यप्रणाली अ‍ॅपल ही एकच कंपनी घडविते आणि जगभरच्या आयफोनांना थेट पाठविते. अँड्रॉइडची नवी आवृत्ती मात्र चिप बनविणारा आणि फोन बनविणारा यांच्या हातून जावी लागते, आणि स्वस्त फोनांच्या बाबतीत ती बहुधा वाटेतच थांबते. त्यामुळे ज्या आवृत्तीसह फोन दुकानातून घरी आला, तिच्यावर किंवा तिच्या पुढच्या एखाद्या आवृत्तीवर तो अखेरपर्यंत राहतो, आणि एकाच गावात दहा वर्षांतील निरनिराळ्या आवृत्त्या एकाच वेळी नांदत असतात.

किमान आवृत्तीचा अर्थ सरळ आहे. या क्रमांकाच्या खालच्या फोनवर आपले अ‍ॅप चालणार नाही, असे तंत्रज्ञाने केलेले ते निवेदन होय. प्ले स्टोअर हे निवेदन वाचते आणि जुन्या फोनधारकास ते अ‍ॅप शोधात दाखवीत नाही, अथवा आपले उपकरण या अ‍ॅपशी सुसंगत नाही असा संदेश देते. कोणी फाइल थेट पाठवून बसविण्याचा प्रयत्न केला तर कार्यप्रणाली स्वतःच तिला नकार देते. या नकाराविरुद्ध अपील नाही, त्याची कारणे लेखी मिळत नाहीत, आणि ज्याला तो मिळाला त्याला बहुधा असेच वाटते की आपल्यालाच फोन नीट वापरता येत नाही.

लक्ष्य आवृत्तीचा अर्थ याहून सूक्ष्म आहे. नव्या आवृत्तीत कार्यप्रणालीचे नियम बदलतात. परंतु ते बदल जुन्या अ‍ॅपांवर एकाएकी लादले तर ती कोलमडतील, म्हणून कार्यप्रणाली प्रत्येक अ‍ॅपला विचारते की तू कोणत्या आवृत्तीच्या नियमांचा अभ्यास करून आलास, आणि त्याच्या उत्तरानुसार त्याच्याशी वागते. लक्ष्य ३५ लिहिणारा तंत्रज्ञ एक करारच करीत असतो: लेव्हल ३५ पर्यंतचे सारे नियम मी वाचले आहेत, त्यांच्यावर माझे अ‍ॅप तपासले आहे, आणि ते मला लागू करण्यास माझी हरकत नाही. हा करार फक्त नव्या फोनांवर अंमलात येतो. जुन्या फोनला ते नियम ठाऊकच नसल्यामुळे तो आपल्या जुन्या रीतीने वागतो. म्हणजेच लक्ष्य ३५ आणि किमान २१ असे एकच अ‍ॅप सुखाने असू शकते. चालू फोनची लेव्हल कोणती आहे हे अ‍ॅपला विचारता येते आणि प्रत्येक नव्या सोयीसाठी जुन्या फोनवर दुसरा मार्ग लिहून ठेवता येतो. लक्ष्य वाढवावे लागले म्हणून किमानही वाढवावे लागले, असे स्पष्टीकरण जेव्हा कोणी देतो, तेव्हा बहुतेक वेळी त्याने हा दुसरा मार्ग लिहिण्याचे श्रम टाळलेले असतात.

लक्ष्याच्या बाबतीत नियमांची कदर का करावी, याचा धडा अँड्रॉइडच्या इतिहासातच आहे. ६.० पूर्वी अ‍ॅप बसविताना ते जे जे मागेल ते सर्व एकदम द्यावे लागे. संपर्कांची यादी, कॅमेरा, ठिकाण, सारे काही. ६.० मध्ये नवा नियम आला की प्रत्येक परवानगी प्रत्यक्ष गरजेच्या क्षणी मागावी आणि धारकाने ती नाकारली तरी अ‍ॅपने निभावून न्यावे. परंतु हा नियम लक्ष्य २३ किंवा त्यावर असणाऱ्या अ‍ॅपांनाच लागू होता. मग काही अ‍ॅपे, आणि त्यांत दुष्ट हेतूने लिहिलेलीही, मुद्दाम लक्ष्य २२ वर थांबून राहिली, कारण तेथे विचारपूस नव्हती. अखेर गूगलने प्ले स्टोअरवर मुदती घातल्या: ऑगस्ट २०१८ पासून नव्या अ‍ॅपांचे आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून सुधारित अ‍ॅपांचे लक्ष्य किमान २६ असावे असा हुकूम निघाला, आणि तेव्हापासून ही रेषा दरवर्षी वर सरकत ३१ ऑगस्ट २०२५ रोजी ३५ वर आली. अँड्रॉइड १४ तर लक्ष्य २३ च्या खालचे अ‍ॅप बसवूनच घेत नाही. शिवाय ज्या अ‍ॅपचे लक्ष्य फार मागे पडले, ते नव्या आवृत्तीचा फोन घेणाऱ्या नव्या माणसाला स्टोअरमध्ये दिसेनासे होते. म्हणजे दुर्लक्षित लक्ष्यही दार बंद करते. उंच किमान आवृत्तीने जुना फोनधारक बाहेर राहतो, आणि शिळ्या लक्ष्याने धानाचा चुकारा मिळाल्यावर नवा फोन घेतलेला कास्तकार बाहेर राहतो.

आता असे समजा की पवनी तालुक्यातील कास्तकारांसाठी पिकाच्या नोंदीचे एक अ‍ॅप आपल्याला आरंभापासून घडवावयाचे आहे. त्याची किमान आवृत्ती कोणती ठेवावी? प्रथम तंत्राने स्वतः घातलेली खालची सीमा शोधावी. मराठी ही भाषा अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये निवडण्याजोगी झाली ती ५.० मध्ये, २०१४ साली. सर्व्हरशी सुरक्षित संभाषण करण्याचा टीएलएस १.२ हा संकेतही त्याच आवृत्तीपासून अ‍ॅपांना आपोआप मिळू लागला; आणि ठिकाण शोधण्यासारख्या कामात ज्यांचे साहाय्य घ्यावे लागते त्या गूगल प्ले सेवांनी ४.४ या आवृत्तीची साथ २०२३ च्या ऑगस्टात सोडली. व्हॉट्सअ‍ॅपनेही २४ ऑक्टोबर २०२३ पासून ५.० ही आपली किमान आवृत्ती केली, आणि फोन अजून उपयोगाचा आहे की नाही याची सामान्य माणसाची कसोटी बहुधा व्हॉट्सअ‍ॅप चालते की नाही हीच असते. तेव्हा लेव्हल २१ च्या खाली जाण्यात अर्थ नाही, हे विनासायास ठरते.

परंतु २१ वर थांबणे परवडेल काय? येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली ग्रंथालयांची, म्हणजे ज्या तयार संहितांवर अ‍ॅप उभारले जाते त्यांची. गूगलच्या जेटपॅक ग्रंथालयांची किमान मर्यादा २०२३ सालापर्यंत १४ होती. ती प्रथम १९, नंतर २१ आणि २०२५ साली २३ झाली. २१ वर राहावयाचे तर ग्रंथालयांच्या जुन्या प्रतींवर राहावे लागते आणि त्यांतील दोषांची दुरुस्ती मिळत नाही. दुसरी अडचण प्रमाणपत्रांची. फोन ज्या मूळ प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवतो त्यांची यादी कार्यप्रणालीबरोबर येते, आणि जुना फोन ती यादी नवी करीत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगातील असंख्य संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देते. तिचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र ७.१.१ च्या खालच्या अँड्रॉइडला परके आहे. अशा फोनांवर तिची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे चालत, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपणार हे दिसताच मोठी चिंता निर्माण झाली आणि एका विशेष तडजोडीने ती वेळ २०२४ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. ज्या शासकीय सर्व्हरचे प्रमाणपत्र अशा मुळाशी बांधलेले असेल, त्याचे अ‍ॅप ६.० च्या फोनवर बसेल, उघडेल, छायाचित्रही काढील, आणि पाठविण्याच्या क्षणी मुके होईल. उपाय आहे: जुन्या फोनांनाही मान्य असे मूळ निवडावे, किंवा विश्वासाचे प्रमाणपत्र अ‍ॅपच्या पोटातच ठेवावे. परंतु हे कोणी तरी आधी पाहिले पाहिजे.

अशा रीतीने तंत्र आपल्याला एक पट्टा आखून देते: सार्वजनिक अ‍ॅपसाठी आज लेव्हल २१ ते २४ यांच्या दरम्यान कोठे तरी किमान आवृत्ती असावी असे म्हणता येते. त्या पट्ट्यातील नेमकी जागा मात्र तंत्र सांगू शकत नाही. ती गणनेने ठरते. आणि गणना कोणाची करावी, याविषयी मोठा भ्रम प्रचलित आहे. जागतिक टक्केवारी पाहून निर्णय घेणे चुकीचे, कारण जग म्हणजे पवनी नव्हे. आपल्याच अ‍ॅपच्या चालू धारकांची आकडेवारी पाहणे त्याहून फसवे, कारण जो फोन किमान आवृत्तीमुळे आत येऊच शकला नाही, तो त्या आकडेवारीत कधी दिसत नाही; जितके अधिक लोक आपण बाहेर ठेवू, तितके आकडे अधिक समाधानकारक दिसू लागतील. खासगी दुकानाच्या अ‍ॅपला हा दोष सहन होईल, कारण त्याचे गिऱ्हाईक ते स्वतः निवडते. महसुली अ‍ॅपचे धारक कोण हे सातबाऱ्याने आधीच ठरविलेले असते. म्हणून त्याची गणना अ‍ॅपच्या बाहेर, खरेदी केंद्राच्या रांगेत, ग्रामसभेत आणि रास्त भाव दुकानासमोर झाली पाहिजे. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या सदरात आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. तो टिपून घेण्यास प्रत्येकी अर्धे मिनिटही लागत नाही, आणि अड्याळपासून गोसेखुर्दपर्यंतच्या काही गावांत एक आठवडा हे काम केले तरी जे ज्ञान मिळेल ते कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

त्या गणनेत आवृत्तीखेरीज आणखी दोन रकाने असावेत. एक स्मृतीचा, म्हणजे रॅमचा. अंगणवाडी सेविकांना पोषणविषयक नोंदींसाठी दिलेले मोबाइल त्यांनी २०२१ च्या ऑगस्टात महाराष्ट्रभर आंदोलन करून शासनाला परत केले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत एक ठळक तक्रार अशी होती की २ जीबी रॅमच्या त्या फोनांना नव्या अ‍ॅपचा भार पेलवत नाही. आवृत्ती पुरेशी असूनही फोन अपुरा असू शकतो, हे त्या सेविकांनी प्रत्यक्ष कामातून दाखवून दिले. दुसरा रकाना अँड्रॉइड नसलेल्या फोनांचा. २०१७ साली आलेला जिओफोन खेड्यापाड्यांत पुष्कळ पसरला, परंतु त्याची कार्यप्रणाली कायओएस आहे आणि अँड्रॉइडचे कोणतेही अ‍ॅप त्यावर चालत नाही. किमान आवृत्ती कितीही खाली आणली तरी हा वर्ग बाहेरच राहतो. त्याच्यासाठी शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद, गावातील सहायक, महसूल कार्यालयातील माणूस, हे मार्ग सन्मानाने खुले ठेवणे हाच उपाय आहे, आणि एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होऊ देण्याची ई-पीक पाहणीतील सोय या दृष्टीने अत्यंत सुज्ञपणाची आहे.

लक्ष्य वर नेताना काय काय पाहावे लागते, तेही पिकाच्या नोंदीवरूनच समजून घेऊ. लक्ष्य ३१ झाले की अँड्रॉइड १२ वरील धारकाला अ‍ॅपला आपले नेमके ठिकाण न सांगता केवळ अंदाजे ठिकाण सांगण्याचा पर्याय मिळतो. हा अंदाज सुमारे ३ चौरस किलोमीटर क्षेत्राचा असतो, आणि भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातील लहान लहान बांध्यांच्या दृष्टीने एवढ्या क्षेत्रात शेकडो गट सामावतात. येथे नेमके ठिकाण का हवे आहे, हे अ‍ॅपने स्वच्छ मराठीत दोन वाक्यांत सांगितले पाहिजे. अन्यथा सावध कास्तकार, आणि त्याची सावधगिरी रास्तच आहे, अंदाजे ठिकाण निवडील आणि त्याची नोंद दुसऱ्याच्या शेतात पडेल. लक्ष्य ३० झाले की छायाचित्रे साठविण्याचे नियम कडक होतात, आणि नेटवर्क नसताना फोनमध्ये ठेवलेली नोंद नंतर पाठविण्याची सोय नव्याने तपासावी लागते. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखविण्यासाठीही परवानगी लागते. ती न मागितल्यास मुदत संपत आल्याचा इशारा पोहोचतच नाही. लक्ष्य ३५ झाले की अँड्रॉइड १५ वर अ‍ॅपचा पडदा काठापासून काठापर्यंत पसरतो, आणि तळाशी असलेले ‘अपलोड’चे बटण फोनच्या पट्टीखाली दबू शकते. यांतील एकही बदल जुन्या फोनवर घडत नाही. म्हणून तपासणी करणाऱ्याच्या टेबलावर एक जुना आणि एक नवा, असे निदान दोन फोन असलेच पाहिजेत. ज्या आवृत्तीवर अ‍ॅप कधी चालवून पाहिलेच नाही, ती किमान म्हणून जाहीर करणे हे खोटे आश्वासन आहे.

येथे पंचांगाचा एक प्रश्न येतो, आणि तो आपल्या प्रदेशात विशेष महत्त्वाचा आहे. गूगलची मुदत दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस येते. आणि आपल्याकडे खरीप पिकांची पाहणी साधारणतः ऑगस्ट आणि सप्टेंबर याच महिन्यांत चालते. ज्या दिवसांत रोवणी आटोपून कास्तकार बांधीत उभा राहून छायाचित्र काढीत असतो, त्याच दिवसांत दूरच्या एका कंपनीच्या हुकमामुळे अ‍ॅपचे अंतरंग बदलावे लागणे हे अनर्थाचे कारण होऊ शकते. अर्ज केल्यास ही मुदत १ नोव्हेंबरपर्यंत वाढवून मिळते. परंतु खरा बंदोबस्त हा की नव्या लक्ष्याचे काम उन्हाळ्यातच, मृगापूर्वी, पुरे करावे, उन्हाळी धानाच्या शेतात त्याची परीक्षा घ्यावी, आणि खरिपाची पाहणी सुरू झाल्यावर अ‍ॅपला अत्यावश्यक दुरुस्तीखेरीज हात लावू नये.

किमान आवृत्ती कायम एकाच जागी राहू शकत नाही, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या फोनांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांची माहिती अशा फोनांवर अनिश्चित काळ ठेवणे हिताचे नाही. तेव्हा किमान वाढवावी. परंतु ती वाढविण्याची रीत न्याय्य असावी. निदान एक हंगाम आधी अ‍ॅपमध्येच सूचना द्यावी. त्या फोनधारकांसाठी पर्यायी मार्ग कोणता ते त्याच सूचनेत लिहावे. आणि ज्यांच्या फोनमध्ये जुने अ‍ॅप आहे, त्यांना नवी सुधारणा मिळाली नाही तरी चालू हंगाम संपेपर्यंत सर्व्हरने त्यांच्याशी बोलणे थांबवू नये. अ‍ॅप अद्ययावत केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असे एकीकडे बजावावयाचे आणि दुसरीकडे त्या फोनला अद्ययावत अ‍ॅप नाकारावयाचे, हा प्रकार तर कधीच घडता कामा नये.

या साऱ्यातून जे निष्पन्न होते ते असे. नोंदीची लेखणी जेव्हा सरकारी माणसाच्या हातात होती, तेव्हा तिची शाई पुरविणे हे सरकारचे काम होते. ती लेखणी आता खातेदाराच्या हाती दिली असेल, तर ती त्याच्या हातात चालेल याची तजवीज करणे हेही सरकारचेच काम आहे. ज्या अ‍ॅपवाचून नागरिकाचा हक्क अडतो, त्याची किमान आवृत्ती हा केवळ तंत्रज्ञाच्या मर्जीचा प्रश्न राहू नये. तो क्रमांक, तो निवडण्याची कारणे, ज्या गणनेवर तो आधारला ती गणना, आणि त्याचा पुनर्विचार केव्हा होणार ती तारीख, या चार गोष्टी शासननिर्णयात मराठीतून छापल्या जाव्यात आणि तलाठी कार्यालयाच्या फलकावर लावल्या जाव्यात. मग पवनीतील ज्या कास्तकाराला त्याच्या फोनने नकार दिला, त्याला निदान हे कळेल की हा निर्णय कोणी, कशासाठी घेतला आणि दाद कोठे मागावयाची. आणि निर्णय घेणाऱ्यालाही आपण एका लहानशा फाइलमध्ये लिहीत असलेली संख्या किती माणसांना लागू होते, याचा हिशेब आधी करावा लागेल.